पाऊण टनाच्या गाडीला सहा सिलिंडर

गोपाळकृष्णबुवांचं कीर्तन रंगलं की मला भूक लागत नाही, तहान लागत नाही, आणि घरी परत येताना मी स्वतःच कीर्तन करून आल्यासारखा तोऱ्यात चालतो. ही शेवटची खोड अक्कानं मला कितीदा तरी दाखवली होती. मी हसण्यावारी नेली.

मी श्रीपाद टोकेकर. उज्जैनला फ्रीगंजात माझी मोटारदुरुस्तीची शेड होती. घरी मी आणि माझी थोरली बहीण अक्का. दर गुरुवारी संध्याकाळी राममंदिरात आमच्या मराठी मंडळींचं कीर्तन असायचं, आणि मी पहिल्या ओळीत, बुवांच्या पेटीवाल्याला लागून बसायचो. बुवांच्या कथेतले दृष्टान्त मला पाठ व्हायचे. शेडमध्ये गाडीखाली पडल्या पडल्या मी गिऱ्हाइकांना ते ऐकवायचो. लोक म्हणायचे, "मिस्त्रीजी की ज़बान में तो सरस्वती है." मला ते खरं वाटायचं.

बुवा खेड्यापाड्यांतही जायचे. तिथं पद मराठी आणि निरूपण हिंदीतून. माळव्यातले पाटील लोकसुद्धा डोळे पुसत ऐकायचे. पण बुवांनी साठी ओलांडली होती, गुडघे धरले होते, आणि खेड्यांत बस जात नव्हती. म्हणून मंडळानं महूच्या छावणीच्या लिलावातून एक पाऊण टनी पिकअप घेतली. लढाईतली गाडी, सांगाडा एकदम पक्का, मागं उघडा हौदा. इंजिन मात्र पेट्रोलचं आणि थकलेलं. उन्हेलला जाऊन यायचं तर जवळजवळ टाकीच रिकामी. तेव्हा ठरलं की हे काढायचं आणि डिझेलचं बसवायचं. सन छप्पनचा श्रावण होता तो.

इंजिन बघायला मी आणि अनिल इंदूरला गेलो. अनिल खरवंडीकर. सहा वर्षं माझ्या शेडमध्ये पाना धरायला शिकला, मग ग्वाल्हेरहून डिप्लोमा करून आला. माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला होता, पण मला अजून 'काका'च म्हणायचा. कबाड्याकडे दोन इंजिनं होती. एक चार सिलिंडरचं, एक सहाचं.

"मिस्त्रीजी, दोनों चालू हालत में हैं," कबाडी म्हणाला. "छोटा ले जाओ तो दुआ दोगे, बड़ा ले जाओ तो दुगनी दोगे."

"दुगना वज़न भी दोगे क्या साथ में?" अनिलनं विचारलं.

त्याच्याच काट्यावर आम्ही दोन्ही तोलली. चारचं सात मण भरलं, सहाचं अकरा. गाडीतलं जुनं पेट्रोलचं होतं साडेपाच. मग टेप लावली. सहाचं चांगलं दहा इंचांनी लांब. ते बसवायचं तर रेडिएटर पार बंपरवर ढकलायला हवा. आणि सगळं वजन पुढच्या आसावर, पुढच्या कमानींवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर. त्या कमानी पाऊण टनी गाडीच्या. त्यांनी बिचाऱ्यांनी किती सोसायचं?

"काका, ओझं काय आहे आपलं?" अनिल म्हणाला. "बुवा, पेटी, तबला, सतरंज्या, दोन पेट्रोमॅक्स, आठ माणसं. चारचं हसत ओढेल. डिझेल हळू फिरतं पण जोर खालूनच धरतं."

"चारचंच," मी म्हणालो. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. रात्री घरी पिठलं-भाकरी खाताना अक्कालाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? बुवांना धक्के बसू नयेत म्हणजे झालं."

गुरुवारी कीर्तन संपलं, आरती झाली, प्रसाद वाटला, आणि मंडळी इंजिनाच्या विचारासाठी तिथंच बसून राहिली. मंडळाचे अध्यक्ष श्रीकांतराव पिंपळे. मोटार खात्याच्या कचेरीत नेमणुकांचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे त्यांना इंजिनातलं काही कळो न कळो, माणसं उभी करून प्रश्न विचारायची सवय होती. त्यांनी अनिलला उभं केलं.

अनिल बोलला. थोडक्यात बोलला, पण असं सोपं करून की बायकांच्या बाजूनंही माना हलल्या. कमान म्हणजे काय, आस म्हणजे काय, पुढचं वजन वाढलं की उतारावर ब्रेक लावताना काय होतं. "वा रे बेटा!" श्रीकांतराव म्हणाले. "याला म्हणतात शिक्षण." चहूकडून वाहवा झाली. मग, पान उचलता उचलता विचारावं तसं, ते माझ्याकडे वळले.

"श्रीपादराव, तुमचंही तेच ना?"

तेच होतं. शब्दन् शब्द तेच होतं. त्यातलं निम्मं मीच त्याला शिकवलेलं. पण ते 'तुमचंही' माझ्या काळजात कुठंतरी जाऊन रुतलं. वीस वर्षं या गावच्या गाड्या मी जिवंत ठेवल्या, आणि आता मी नुसती मान डोलवायची?

"नाही," मी म्हणालो. "माझं तसं नाही."

सगळे गप्प झाले. ती शांतता मला ओळखीची होती. बुवा निरूपणात थांबले की अशीच पसरते. मी उभा राहिलो.

"परवाच महाकालाची सवारी निघाली," मी म्हणालो. "पालखी कोण उचलतं? माणसं. मग पुढं हत्ती कशाला? हत्ती काही ओढत नाही, उचलत नाही. हिशेब करायचा तर फालतू जनावर. पण मंडळी, हत्तीशिवाय सवारी बघवेल तुम्हाला? राजाच्या इतमामाला माप लावत नसतात. हरिकथा दारोदार घेऊन जाणाऱ्या गाडीला काय आपण बेताबेताचं, मोजूनमापून द्यायचं? देवाच्या कामात काटा घेऊन बसायचं?"

"अहाहा!" पेटीवाला म्हणाला. टाळ्या पडल्या.

अनिल अजून उभाच होता. तो म्हणाला, "पण काका, हत्तीला स्वतःचे पाय असतात. आपला हत्ती गाडीच्या कमानीवर बसणार आहे."

दोघंचौघं हसले. ते हसू त्याच्याकडे जाऊ नये म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "डिप्लोमावाल्यांचं असंच असतं हो. सवारीत हत्ती दिसला की हे हात जोडत नाहीत, आधी विचारतात, किती मण?" आणि मीच पहिला हसलो. मग देऊळभर हसू पसरलं. अनिलचे कान लाल झाले. तो खाली बसला.

सहाचं इंजिन आलं.

अनिलनंच ते बसवलं, माझ्याच शेडमध्ये, आणि काम इतकं सफाईचं केलं की मला बघवत नव्हतं. रेडिएटर पुढं सरकवला, दोन्ही पुढच्या कमानींत एकेक पोलादी पाटा जादा घातला. मला एकदाच म्हणाला, "काका, अजून वेळ आहे. कबाडी बदलून देईल." मी म्हणालो, "मंडळाचा ठराव झालाय." ठराव! जसं काही मी त्या वेळी गावातच नव्हतो.

दसऱ्याला नारळ फोडून गाडी निघाली. इंजिनाचा घुमारा दूरवर ऐकू यायचा. लोक म्हणायचे, "हत्ती आला." सुकाणू जड लागायचं, अनिल चालवून उतरला की दंड चोळायचा. मी बघायचो आणि दुसरीकडे बघायचो.

दिवाळीच्या सुमारास मध्यभारत राज्य संपलं आणि मध्यप्रदेश सुरू झाला. राजधानी भोपाळला. कचेऱ्यांतून एकच बोलणं: कोण जाणार, कोण राहणार, कुणाचं नाव कुठल्या यादीत. मोटार खात्याच्या कारखान्यात नवी माणसं घ्यायची होती, आणि उज्जैनची यादी श्रीकांतरावांच्या हातून जायची होती. अनिलचं नाव त्यात पहिलं होतं. त्याची आई देवळात आली की रामापुढे जरा जास्तच वेळ उभी राहायची.

त्रिपुरी पौर्णिमेला उन्हेलला कीर्तन होतं. गाडी अनिल चालवत होता, शेजारी बुवा, मागं हौद्यात आम्ही सात-आठ जण. मी पेटी सांभाळून बसलो होतो. पक्की सडक सोडून नाल्याच्या उताराला लागलो. अनिलनं ब्रेक दाबला, गाडीनं नाक खाली घातलं, आणि पुढून काड्‌कन आवाज झाला. डाव्या कमानीचा मुख्य पाटा तुटला होता. आस मागं सरकला, सुकाणू अनिलच्या हातातून फिरलं, आणि गाडी चालत्या बैलाच्या वेगानं जाऊन नाल्याच्या कडेला कलंडली. वेग नव्हता म्हणून वाचलो. बुवा मात्र दारावर उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं.

बुवांनी हूं की चूं केलं नाही. उन्हेलच्या पाटलानं बैलगाडी पाठवली. हात उपरण्यात बांधून त्या माणसानं दीड तास कथा सांगितली. चिपळ्या पेटीवर तशाच ठेवल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसलो आणि कथा कसली होती हे मला आजतागायत आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर श्रीकांतराव, मी, अनिल.

"कमान कशी तुटली?"

"वजनानं," अनिल म्हणाला. "पुढं वजन फार झालं."

"वजन कुणी बसवलं?"

"मी बसवलं."

"मग? बसवायचं तर नीट बसवावं. डिप्लोमा काय पूजेला ठेवायचाय?" श्रीकांतराव चिडले होते, कारण बुवांवर त्यांचा खरा जीव होता. "देवानंच वेळेवर दाखवलं म्हणायचं. उद्या सरकारी गाड्या अशाच बसवल्यास तर माणसं मारशील. श्रीपादराव, तुम्हाला काय वाटतं? काम कच्चं होतं ना?"

अनिलनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पान्याची वाट बघत माझ्या हाताकडे बघायचा, तसंच.

मी म्हणालो, "काय सांगावं... मुलांचा हात बसायला वेळ लागतो."

हे मी म्हणालो. लिहितानाही हात आखडतो आहे, पण हेच म्हणालो.

यादी शुक्रवारी भोपाळला जायची होती. त्यातून अनिलचं नाव कमी होणार हे श्रीकांतरावांनी तिथंच सांगितलं. अनिल "बरं" म्हणाला, सायकलला टांग मारली आणि गेला.

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. अक्का वाती वळत होती.

"त्या रात्री पिठलं खाताना काय म्हणाला होतास रे?"

"कुठल्या रात्री?"

"इंदूरहून आलास त्या रात्री. चारचंच, म्हणालास. मी बहिरी नाही झाले अजून."

मी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"येत्या गुरुवारी मी नाही येणार कीर्तनाला," ती म्हणाली. "तुझ्यासंगट जायचं आणि तुला डोलताना बघायचं, ते नाही व्हायचं माझ्यानं. मी घरीच माळ ओढीन."

बुधवारी मी बुवांकडे गेलो. ते खाटेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मी पाय धरले आणि सगळं सांगितलं. काटा, टेप, सात मण, अकरा मण, ओट्यावरचं बोलणं. सांगून झाल्यावर जरा हलकं वाटलं. मग बुवा बोलले.

"हात माझा आहे, तेवढा मी माफ केला. पुढं?"

"पुढं... आपणच श्रीकांतरावांना एक शब्द..."

"मी? का बरं? मला काय डिझेलमधलं कळतं? अरे, नोकरी त्या पोराची जातेय. ते माफ करणं माझ्या हातात आहे का? मला सांगून गुपचूप घरी जाशील आणि झोपशील शांत. लबाड आहेस." ते हसून म्हणाले. "उद्या मध्यंतरात तुला वेळ देतो. तिथंच हत्ती नाचवलास ना? तिथंच बोल."

गुरुवारी देऊळ भरलं होतं. बुवांचा हात बघायलाच अर्धं गाव आलेलं. अनिल मागच्या खांबाशी होता, त्याच्या आईनं ओढून आणलेला. पूर्वरंग झाला, नामाचा गजर झाला, बुवांना हार घातला, बुक्का फिरला. मग बुवा म्हणाले, "श्रीपादरावांना दोन शब्द बोलायचे आहेत."

मी उभा राहिलो. तोंड उघडलं आणि जिभेला तिची जुनी वाट सापडली.

"मंडळी," मी म्हणालो, "मी तुम्हाला हत्तीची गोष्ट सांगितली होती. पण माणसाच्या आतही एक हत्ती असतो. अहंकाराचा. त्याला अंकुश नसला तर तो आधी आपल्याच माहुताला तुडवतो. कमान गाडीची मोडली नाही मंडळी, माझी मोडली. दोष त्या पोराचा नाही. दोष या पामराचा..."

"अहाहा!" पेटीवाला म्हणाला. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदरानं डोळे टिपले. श्रीकांतराव मान हलवत शेजाऱ्याला म्हणाले, आणि मला स्वच्छ ऐकू आलं, "केवढा मोठेपणा! शिष्याची चूक स्वतःच्या शिरावर घेताहेत. याला म्हणतात गुरू."

आणि मला गोड वाटलं. त्या क्षणी, तिथं उभं राहून, मला गोड वाटलं. यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

"श्रीपाद!" बायकांच्या बाजूनं आवाज आला. अक्का. येणार नाही म्हणाली होती, आली होती. "वजन सांग!"

देवळात खसखस पिकली.

"अहो अक्का, बसा, बसा," कुणीतरी म्हणालं.

"बसलेलीच आहे मी. त्याला म्हणावं, काट्यावर काय भरलं ते सांग."

मी सांगितलं. चारचं इंजिन सात मण. सहाचं अकरा मण. जुनं साडेपाच. म्हणजे पुढच्या कमानींवर साडेपाच मण जादा, रेडिएटर पुढं सरकवला त्याचा भार वेगळाच. त्या गाडीच्या कमानी एवढ्यासाठी नाहीत. जादा पाटे अनिलनं घातले म्हणून ती महिनाभर तरी चालली.

कुणी 'वा' म्हणालं नाही. पेटीवाल्यानं भात्यावरचा हात काढून घेतला.

"हे तुम्हाला कधी कळलं?" श्रीकांतरावांनी विचारलं. आता आवाज कचेरीतला होता.

"इंदूरला."

"म्हणजे घ्यायच्या आधी?"

"आधी. मी स्वतःच टेप धरली होती. चारचंच घ्यायचं असं माझंही ठरलं होतं."

"चारच्यानं गाडी ओढली असती?"

"हसत ओढली असती. दहा माणसं आणि पेटी."

"मग सहाचं का सांगितलंत?"

याचं उत्तर मी घोकून आलो नव्हतो. "तुम्ही आधी त्याला विचारलंत," मी म्हणालो. "सगळ्यांनी त्याला वाहवा दिली. मग तुम्ही मला म्हणालात, तुमचंही तेच ना? तेवढ्यासाठी."

"तेवढ्यासाठी?"

"हो."

डोळे टिपणाऱ्या त्या बाई आता माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं कुणी सोवळ्यात चपला घालून आलं आहे. "आणि परवा ओट्यावर मी विचारलं तेव्हा?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"तेव्हाही ठाऊक होतं."

मी खाली बसलो. माझ्या शेजारचे गृहस्थ किंचित सरकले. जागा करून देण्यासाठी नव्हे. बुवांनी एका हातानं चिपळ्या उचलल्या, डाव्या हातानं बेतालशा वाजवल्या, आणि कसलंही तात्पर्य न काढता उत्तररंगाला सुरुवात केली.

आरती झाल्यावर श्रीकांतराव माझ्याशी बोलले नाहीत. मला ओलांडून मागच्या खांबापर्यंत गेले आणि अनिलला म्हणाले, "यादी उद्या सकाळी जाते. तुझं नाव होतं तिथंच राहील. ते चारचं इंजिन अजून आहे का बघ इंदूरला. आणि बसवताना कुणाला विचारू नकोस." अनिलच्या आईनं त्यांना नमस्कार केला. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. तिचं बरोबरच होतं.

बाहेर चपलांच्या गर्दीत मी थांबून राहिलो. अनिल आला. खाली बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. फार वेळ बांधत होता.

"अनिल," मी म्हणालो, "माझ्या हातून फार..."

"इंजिनाचं जाऊ द्या, काका." त्यानं मान वर केली नाही. "मोठं बसलं, मोडलं, बदलता येईल. ओट्यावर बोललात तेही जाऊ द्या, घाबरला असाल." नाडी ओढून त्यानं गाठ मारली. "पण त्या दिवशी हसलात कशाला? सगळ्या देवळाला घेऊन हसलात माझ्यावर. मी तुमच्याच हाताखाली शिकलेलं सांगत होतो."

मी माझ्या चपला शोधायला लागलो.

तो जरा वेळ थांबला. खरंच थांबला, मी काही म्हणेन म्हणून. मग उठला. अक्का पायरी उतरत होती. तिच्या काखेतलं आसन त्यानं घेतलं आणि तिचा हात धरून तिला खाली आणलं.

"सावकाश, अक्का. इथं पाणी आहे."

"दिसतंय रे मला. तुझ्या काकाला हात दे, त्याला दिसत नाही," अक्का म्हणाली.

अनिलनं तिचा हात सोडला नाही. दोघं पुढं निघाली. घर एकाच वाटेवर होतं, म्हणून मीही निघालो, दहा-बारा पावलं मागं. अक्का त्याला कारखान्याचं काहीबाही विचारत होती आणि तो सांगत होता. दोनदा मला वाटलं पावलं उचलावीत, गाठावं त्यांना. गाठून काय बोलणार होतो? मी तसाच मागून चालत राहिलो.